लॅम्प्स बसत नाही म्हणून फोन करण्याआधी

एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाचे प्रोजेक्ट वाटून झाले की जळगाव, धुळे, शहादा, अमळनेरकडच्या मुलांचे फोन सुरू होतात. कुणाला लॅम्प्सवर, म्हणजे अणूंच्या हालचालींचं सिम्युलेशन करणाऱ्या प्रोग्रॅमवर, तांब्याची नॅनोतार ताणून बघायची असते, कुणाला क्वांटम एस्प्रेसोवर, म्हणजे पदार्थातल्या इलेक्ट्रॉनांचं गणित करणाऱ्या प्रोग्रॅमवर, झिंक ऑक्साइडचा बँडगॅप काढायचा असतो. फिजिक्सपर्यंत कुणी पोचलेलंच नसतं, सगळे इन्स्टॉलेशनवर अडकलेले. साक्रीकडचा एक जण तर सरळ अहिराणीतच म्हणाला, "दादा, काहीच व्हई नही ऱ्हायनं." स्क्रीनवर काय दिसतंय, विचारलं. "एरर दोन."

'एरर २' म्हटल्याने काहीच कळत नाही. मेक, म्हणजे सोर्स कंपाइल करून प्रोग्रॅम बांधणारं साधन, हात टेकतं तेव्हा जाता जाता ही ओळ छापतं. आत कुठेतरी काहीतरी फसलं, एवढाच तिचा अर्थ. खरी तक्रार त्याच्या बरीच वर असते, आणि तुम्ही चार-आठ कोअर लावून कंपाइल केलं असेल तर बाकीच्या फाइलींच्या आउटपुटमध्ये ती कुठेतरी हरवलेली असते. अशा वेळी एकच करायचं: मेक पुन्हा चालवायचं, पण एकाच कोअरवर. आधी झालेल्या फाइली परत कंपाइल होत नाहीत, त्यामुळे ते झटकन फसलेल्या फाइलीवर येऊन थांबतं आणि कंपायलरची तक्रार अगदी शेवटी, डोळ्यासमोर येते. त्या आउटपुटमधली पहिली 'एरर' असलेली ओळ वाचा. पुढच्या पन्नास ओळी बहुतेक वेळा त्या एकीचीच पिलावळ असते.

आता ती ओळ काय म्हणते ते बघा. 'एमपीआय डॉट एच' सापडत नाही म्हणत असेल, तर एमपीआय (अनेक प्रोसेसरना मिळून काम करायला लावणारी लायब्ररी) मशीनवर असूनही असं होऊ शकतं. उबुंटू लिनक्सवर एकाच लायब्ररीचे दोन पॅकेज असतात. एक प्रोग्रॅम चालवण्यापुरतं आणि दुसरं, नावाच्या शेवटी 'डेव्ह' असलेलं, कंपाइल करणाऱ्यांसाठी. हेडर, म्हणजे 'डॉट एच'वाल्या, फाइली दुसऱ्यात असतात. एफएफटीडब्ल्यू, लॅपॅक या गणिताच्या लायब्ररी, सगळ्यांचं तसंच. 'डॉट एच सापडत नाही' दिसलं की डेव्ह पॅकेज टाका आणि पुढे चला, त्यात फार डोकं लावण्यासारखं काही नाही.

क्वांटम एस्प्रेसोवाल्यांचा नेहमीचा घोळ वेगळा असतो. सोर्स आलेला असतो सिनियरच्या पेनड्राइव्हमधून, त्याला त्याच्या सिनियरकडून. उबुंटू मात्र नवं. जीसीसी या कंपायलर-संचाच्या १० व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०२० पासून, त्यातला फोर्ट्रानचा कंपायलर जीफोर्ट्रान आर्ग्युमेंटचे टाइप जुळले नाहीत तर थेट एरर देतो, आधी तो नुसती वॉर्निंग देऊन सोडून द्यायचा. म्हणून सिनियरकडे विनातक्रार बसलेला तोच कोड तुमच्याकडे 'टाइप मिसमॅच' म्हणून आडवा येतो. 'एफ-अलाऊ-आर्ग्युमेंट-मिसमॅच' हा फ्लॅग दिला की तो गप्प बसतो. पण मी म्हणेन, पेनड्राइव्ह परत करा आणि नवी आवृत्ती उतरवा.

उतरवताना एक सांभाळा. गावाकडे मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम चालतं आणि लॅम्प्सचं गिट भांडार पूर्ण इतिहासासकट क्लोन करायला गेलं तर दिवसाचा डेटा त्यातच जातो. 'डेप्थ १' द्या, म्हणजे फक्त ताजी स्थिती येते. नाहीतर रिलीजची टारबॉल, म्हणजे सगळा सोर्स एकत्र बांधलेली फाइल, घ्या.

खरं तर आधी हे विचारायला हवं की कंपाइल करायचंच कशाला? या बाबतीत मी थोडा हट्टी आहे. उबुंटूच्या भांडारात लॅम्प्स आहे, क्वांटम एस्प्रेसो आहे, ग्रोमॅक्स आहे. कोंडा-फोर्ज या पॅकेजच्या भांडारावरही तयार बिल्ड मिळतात. एक कमांड आणि काम सुरू. सोर्सवरून बांधल्याशिवाय काही शिकलो असं होत नाही, असं काही गाइड सांगतात, पण प्रोजेक्टला सहा महिने मिळतात आणि त्यातला पहिला महिना लिंकरशी भांडण्यात गेला तर नॅनोतार कधी ताणणार? तयार बिल्डवर उदाहरणं चालवा, इनपुट फाइल वाचायला शिका. तुम्हाला हवी ती गोष्ट त्या बिल्डमध्ये नसेल तेव्हाच सोर्सकडे वळा.

ती नसेल तर लॅम्प्स स्वतःच सांगतं, हे त्याचं मोठेपण. तांब्यासाठी ईएएम पोटेन्शियल (अणूंमधल्या बलांचं एक मॉडेल) लागतं आणि ते लॅम्प्सच्याच 'मेनीबॉडी' पॅकेजमध्ये आहे. पॅकेज चालू न करता बांधलेल्या लॅम्प्सला ईएएम मागितलं, तर ते तोंडावर सांगतं की ही पेअर स्टाइल मेनीबॉडीत आहे आणि ते पॅकेज या बायनरीत, म्हणजे बांधून तयार झालेल्या प्रोग्रॅममध्ये, नाही. तरी मुलं पोटेन्शियलची फाइल बदलून बदलून बघत बसतात. सीमेकला (बिल्डची मांडणी करणाऱ्या साधनाला) ते पॅकेज 'ऑन' आहे असं सांगायचं आणि पुन्हा बांधायचं, संपलं.

ज्या बिघाडात एरर येतच नाही, तो सगळ्यात वाईट. पारोळ्याच्या एका मुलीचा किस्सा सांगतो. तिने लॅबमधल्या मशीनवर चार प्रोसेसर लावून सिम्युलेशन चालवलं. चाललं. पण एका प्रोसेसरवर लागायचा त्याहून वेळ जरा जास्तच लागला, आणि आउटपुटमधली प्रत्येक ओळ चार-चारदा छापलेली. तिला वाटलं, चार प्रोसेसर आहेत तर चारदा येणारच. मी तिला लॉगमध्ये 'एमपीआय प्रोसेसर ग्रिड' असलेली ओळ शोधायला लावली. तिथे होतं '१ बाय १ बाय १'. चार प्रोसेसरवर नीट चाललेल्या घनाकृती बॉक्सला तिथे '१ बाय २ बाय २' दिसायला हवं. म्हणजे चौघांनी मिळून एक काम केलंच नव्हतं. चौघांनी तेच काम आपापलं वेगळं केलं आणि वर एकमेकांच्या फाइली पुसून टाकल्या.

असं व्हायला दोन कारणं असतात. पहिलं म्हणजे, सीमेकला एमपीआय सापडलं नाही तर लॅम्प्स रडत नाही. एक ओळ छापून ते मुकाट्याने सिरियल, म्हणजे एकाच प्रोसेसरवर चालणारं, बिल्ड करून देतं, आणि ती ओळ शेकडो ओळींत निघून जाते. तुम्ही नंतर एमपीआय टाकलं तरी जुन्या बिल्ड फोल्डरच्या कॅशमध्ये 'नाही' हेच लिहिलेलं राहू शकतं. फोल्डर उडवून नव्याने सीमेक चालवा. कॅशवर विसंबून केलेली डागडुजी मला तरी कधी लाभलेली नाही.

दुसरं कारण तिच्याकडे निघालं. मशीनवर एमपीआय दोन होते. उबुंटूचं ओपन एमपीआय, आणि पायथनच्या कोर्ससाठी कुणीतरी टाकलेल्या अ‍ॅनाकोंडातलं एमपीआयसीएच. लॅम्प्स बांधलं गेलं पहिल्याशी आणि 'एमपीआयरन' म्हटलं की धावून यायचं दुसरं. टर्मिनल उघडलं की ओळीच्या सुरुवातीला कंसात 'बेस' दिसतं ना, ते अ‍ॅनाकोंडा जागं असल्याची खूण. 'विच एमपीआयरन' विचारलं तर रस्ता अ‍ॅनाकोंडाच्या फोल्डरचा आला. लॅम्प्सच्या बायनरीवर 'एलडीडी' चालवलं तर त्यात लायब्ररी उबुंटूची. 'कोंडा डीअ‍ॅक्टिव्हेट' केलं, त्याच टर्मिनलमध्ये पुन्हा चालवलं आणि ग्रिडची ओळ सुधारली.

या दोन कमांड पाठ करा. कुठला प्रोग्रॅम धावतोय ते 'विच' सांगतं, तो कुणाची लायब्ररी उचलतोय ते 'एलडीडी' सांगतं. 'शेअर्ड लायब्ररी उघडता येत नाही' ही एरर आली तरी पहिलं एलडीडीच. ज्या नावापुढे 'नॉट फाउंड' दिसेल त्याच्या मागे लागा. मला आलेल्या फोनांपैकी बरेचसे शेवटी इथेच येऊन ठेपतात. वस्तू नसते असं नाही, दोन असतात आणि मशीन भलतीच उचलतं.

मेमरीचंही बोलायला हवं, कारण आपल्याकडच्या लॅबमध्ये अजून चार जीबीची मशीनं आहेत. कंपाइल मध्येच थांबून 'किल्ड' आणि 'सीसी१प्लस' असं काही दिसलं तर कोडमध्ये काही शोधू नका. मेमरी संपली म्हणून लिनक्सने कंपायलरलाच उडवलं. कोअर कमी करा, दोनवर किंवा एकावर चालवा. विंडोजच्या आत लिनक्स चालवणाऱ्या डब्ल्यूएसएल २ मध्ये हे जास्त होतं, कारण साधारणपणे मशीनच्या निम्मीच मेमरी त्याच्या वाट्याला येते. डब्ल्यूएसएल वापरत असाल तर सोर्स सी ड्राइव्हवर न ठेवता लिनक्सच्या होममध्ये ठेवा, तिथे खूपच वेगाने काम होतं. फोल्डरच्या नावात स्पेस नको, मेकला ती झेपत नाही. विंडोजच्या नोटपॅडमधून आलेली स्क्रिप्ट 'बॅड इंटरप्रिटर' म्हणाली तर तिच्यावर 'डॉस२युनिक्स' फिरवा.

आणि मे महिन्यात जळगाव-भुसावळला दुपारी लॅपटॉपवर बिल्ड लावू नका. पारा ४५ ला टेकलेला असताना प्रोसेसर तापून आपला वेग आपणच कमी करतो आणि तुम्ही मात्र कंपायलर बदलून बघत बसता. रात्री लावा, चार्जर जोडून.

बिल्ड संपलं, बायनरी तयार झाली, म्हणून लगेच प्रोजेक्टची फाइल चालवायची नाही. लॅम्प्सच्या उदाहरणांत 'मेल्ट' नावाचं फोल्डर आहे: ४००० अणू, लेनर्ड-जोन्स पोटेन्शियल, २५० स्टेप. साध्या लॅपटॉपवरही लगेच संपतं. शून्याव्या स्टेपला तापमान ३ आणि पोटेन्शियल ऊर्जा दर अणूमागे -६.७७३३६८१ यायला हवी. पुढे जाळी वितळते, गतिज ऊर्जेतला मोठा भाग पोटेन्शियलमध्ये जातो, तापमान जवळजवळ निम्म्यावर येतं, पण एकूण ऊर्जा -२.२८ च्या आसपासच राहते. त्याच फोल्डरमध्ये लेखकांनी चालवलेल्या लॉग-फाइली ठेवलेल्या आहेत, त्या शेजारी उघडून ताडून बघा. प्रोसेसरची संख्या बदलली तर शेवटचे अंक थोडे हलतील, कारण बेरजेचा क्रम बदलतो. त्याने घाबरू नका. शून्याव्या स्टेपलाच फरक असेल तर मात्र थांबा.

पुढे पीएचडीला गेलात आणि पुण्याच्या आयसरमधल्या परम ब्रह्मसारख्या सुपरकॉम्प्युटरवर खातं मिळालं, तर तिथे सुडो, म्हणजे अ‍ॅडमिनचे अधिकार, नसतं. तिथल्या कंपायलर आणि एमपीआयच्या आवृत्त्या 'मॉड्यूल अव्हेल' म्हटलं की समोर येतात. ज्या मॉड्यूलवर बांधलं, तीच मॉड्यूल जॉब स्क्रिप्टमध्येही लोड करा, आणि स्क्रिप्टच्या पहिल्या ओळींतच 'विच' व 'एलडीडी'चं आउटपुट फाइलमध्ये छापून घ्या. रांगेत थांबून मिळालेला जॉब पडला तर कारण शोधायला तीच फाइल उघडावी लागते.