या चुका टाळा: फ्रान्सच्या बर्फाळ पठारावर जनावरांसोबतचा पहिला हिवाळा

आपल्याकडून इथे राहायला आलेल्या माणसाला पहिली धास्ती असते थंडीची. पारा उणे दहावर गेल्याचं ऐकलं की तो खुराड्याच्या फटी बुजवायला लागतो, गोठ्याची खिडकी प्लॅस्टिकने झाकतो आणि गाढवासाठी जुनी गोधडी शोधतो. मी लिहितोय ते ओत-लुआर आणि आर्देश या दोन विभागांच्या सीमेवरच्या मेझँकच्या पठाराबद्दल. उंची हजार मीटरच्या वर, मेझँकचा डोंगर १७५३ मीटरचा. हिवाळ्यात इथे 'ब्युर्ल' नावाचा उत्तरेचा वारा सुटतो आणि पडलेला बर्फ उचलून रस्त्यावर, दारात, कुंपणाशी माणूसभर उंचीचे ढीग रचतो. अशा जागीही धडधाकट जनावर नुसत्या कोरड्या थंडीने क्वचितच दगावतं. त्याला त्रास होतो ओलीचा, अंगावर येणाऱ्या वाऱ्याचा आणि पाणी न मिळण्याचा. पुढच्या बहुतेक चुका थंडीलाच शत्रू समजल्यामुळे होतात.

खुराडं डबीसारखं बंद करणं

ही सगळ्यात नेहमीची चूक. कोंबडीची पिसं तिला पुरेशी ऊब देतात. पण रात्रभर सात-आठ कोंबड्या श्वास सोडतात, खाली ओली विष्ठा पडते, आणि फटी बुजवल्या असतील तर ही सगळी वाफ आतच कोंडते. मग तुऱ्याची टोकं आधी पांढुरकी आणि काही दिवसांनी काळी पडतात. थंडीने तुरा गेला असं आपण म्हणतो, पण निम्मं काम त्या दमट हवेने केलेलं असतं.

तपासायचं कसं? सकाळी दार उघडल्याबरोबर कोंबड्यांकडे नाही, छताच्या आतल्या बाजूकडे बघा. फळ्यांवर थेंब किंवा हिमाचा पातळ थर दिसला, हात फिरवल्यावर बोटं ओली झाली, नाकात अमोनिया गेला, तर हवा खेळत नाहीये. झरोका हवा तो वर, छपराच्या खाली, कोंबड्या दांडीवर बसल्यावर त्यांच्या डोक्यांच्याही वर. म्हणजे वाफ निघून जाते आणि वारा अंगाला लागत नाही. दांडी चपटी आणि रुंद ठेवा, म्हणजे बसल्यावर बोटं पोटाच्या पिसांखाली झाकली जातात. खालचा पेंढा ओला झाला की काढा, महिनाअखेरची वाट बघू नका.

उबेसाठी लाल दिवा टांगण्याचा मोह होतो. कोरडा पेंढा, उडणारी धूळ आणि तापलेला बल्ब एकाच लाकडी खोक्यात ठेवणं मला तरी पटत नाही. अंडी कमी झाली म्हणून दिवा लावत असाल, तर कारण थंडी नसून उजेड आहे. हे पठार ४५ अंश उत्तर अक्षांशाच्या आसपास आहे. इथला सर्वांत लहान दिवस जेमतेम पावणेनऊ तासांचा असतो, मुंबईत तो अकरा तासांच्या आसपास. दिवस मोठा व्हायला लागला की अंडी आपोआप परत येतात.

एक सरकारी बाब. बर्ड फ्लूचा धोका 'एलव्हे' म्हणजे उच्च पातळीवर गेला की परसातल्या चार कोंबड्यासुद्धा आत किंवा जाळीखाली ठेवाव्या लागतात, आणि हे बहुतेकदा थंडीतच होतं. कोंबड्यांची नोंद गावच्या मेरीत, म्हणजे नगरपालिकेत, करायची असते. जाळी बारीक असेल तर त्यावर ओला बर्फ साचून ती खांबांसकट खाली येते. मधोमध एक उंच बल्ली घालून जाळीला उतार द्या आणि बर्फ पडत असताना खालून खराट्याने झटका.

बर्फ आहे म्हणजे पाणी आहे, हा समज

शेळ्या-गाढवं बर्फ चाटताना दिसतात, म्हणून त्यांची तहान भागते असं नाही. हिवाळ्यात ती पूर्णपणे सुक्या गवतावर असतात, आणि सुकं गवत पचायला पाणी लागतं. गाढवाला दिवसाला साधारण १० ते २५ लिटर हवं. बर्फासारखं गार पाणी ते कमी पितं, आणि मग गवत आतड्यात अडकून पोटशूळ उठतो. लोळण, पोटाकडे वळून वळून बघणं, शेण कमी होणं यांपैकी काहीही दिसलं तर काढे करत बसू नका, पशुवैद्याला फोन लावा. खेड्यात रात्रीची पाळी कोणाची आहे ते आधीच विचारून नंबर गोठ्याच्या दारावर लिहून ठेवा. रस्ता बंद असेल तर त्याला पोचायलाही वेळ लागणार.

सकाळ-संध्याकाळ कोमट पाणी नेणं हा साधा उपाय आहे, फक्त कंटाळवाणा. बादल्या रबराच्या घ्या. गोठलेली रबरी बादली उपडी करून वर पाय दिला की बर्फाची अख्खी चकती बाहेर पडते. कडक प्लॅस्टिकची पहिल्या आठवड्यातच तडकते.

अंगणातल्या नळाचं पाणी नोव्हेंबरातच तोडून पाइप रिकामा करा. पाण्याच्या मीटरच्या खड्ड्यात पेंढा किंवा जुनी लोकर कोंबणं ही खास नवख्यांची चूक आहे. ते ओल धरतं आणि मग स्वतःच गोठतं. तिथे थर्माकोलचे तुकडे घाला. मीटर फुटला तर भुर्दंड तुम्हालाच बसतो.

गारठा वाढला म्हणून दाणा वाढवणं

शेळीच्या पोटात गवत आंबतं तेव्हा उष्णता तयार होते. म्हणजे तिची शेगडी आतच आहे आणि इंधन सुकं गवत. कडाक्याच्या रात्री गव्हाण गवताने भरा, दाणा नको. दाणा एकदम वाढवला की पोटात आम्ल वाढून शेळी रवंथ सोडते. या पठारावर गवताला किती मान आहे ते 'फॅं ग्रा द्यु मेझँक' या मांसावरून कळतं. त्यासाठीची गुरं हिवाळाभर इथल्याच गवतावर पोसली जातात. त्यामुळे चांगलं गवत जानेवारीत शोधायला निघालात तर मिळणं मुश्कील. बेगमी उन्हाळ्यातच, कापणीच्या वेळी करायची. कोकणात मे महिन्यात करतात तशीच, फक्त इथे पावसाऐवजी बर्फासाठी.

तिकडून आई-बाबा आले की आणखी एक प्रश्न उभा राहतो. गायीला घास द्यायची सवय असलेला हात रोज शिळी पोळी आणि गुळाचा खडा घेऊन गाढवाकडे जातो. गाढव तर खूशच असतं! पण जाड गाढवाच्या खुरांना ही मेजवानी फार महागात पडते. त्यांना गाजराचे दोन तुकडे हातात द्या, पुण्य तेवढंच लागेल.

बर्फात हिरवं उरतं ते फक्त कुंपणाचं. थुया आणि त्याहून घातक 'इफ', म्हणजे यू वृक्ष. इफच्या थोड्याशा पाल्यानेही गाढव-घोडा जागीच कोसळू शकतो. शेजाऱ्याने छाटलेल्या फांद्या प्रेमाने आणून टाकल्या तर आधी झाड कोणतं ते बघा. नाताळानंतरचं स्प्रूसचं झाड मात्र फवारलेलं-रंगवलेलं नसेल तर शेळ्या आवडीने सोलतात.

गाढवाला घोडा समजणं

घोड्यासारखे गाढवाचे केस पाणी झटकत नाहीत. कोरड्या बर्फात ते मजेत उभं राहील, पण उणे-अधिक शून्याच्या आसपासच्या चिखल-पावसात ते आतपर्यंत भिजतं. त्याला तीन बाजूंनी बंद आणि वाऱ्याकडे पाठ असलेला आडोसा हवाच. केसांच्या गादीखाली ते बारीक झालंय की जाड, हे डोळ्यांना कळत नाही. दर आठवड्याला हातमोजा काढून पाठीच्या कण्यावरून आणि फासळ्यांवरून बोटं दाबून फिरवा. बारीक झालं तर चारा वाढवा, पण जाड गाढवाला एकदम उपाशी ठेवू नका. त्याने रक्तात चरबी वाढते, आणि ते जिवावर बेतू शकतं.

झटका मशीनवर विसंबणं

झटका बसायचा तर वीज कुंपणाच्या तारेतून जनावराच्या अंगात आणि तिथून जमिनीत जावी लागते. कोरड्या भुसभुशीत बर्फावर उभी शेळी जमिनीपासून जवळजवळ तुटलेली असते, त्यामुळे तिला काहीच जाणवत नाही. उलट ओल्या बर्फात खालची तार बुडाली की सगळा करंट तिथेच जिरतो. मशीन टिकटिकतंय म्हणून निर्धास्त राहू नका, टेस्टरने तार तपासा. खालची तार वेगळी करता येईल अशी सोय ठेवा. कोल्ह्यासाठी तर रात्री खुराड्याचं दार लावणं हाच उपाय. कोंजेर म्हणतात तो बर्फाचा ढीग कुंपणाशी साचला की कोल्हा त्यावरून चालत आत येतो.

कुत्रा आणि मांजर

शिकारीचा हंगाम साधारण फेब्रुवारीअखेरपर्यंत चालतो, म्हणून फिरायला जाताना कुत्र्याला नारिंगी जाकीट घाला, स्वतःही घाला. पंजांमधले बर्फाचे गोळे आणि रस्त्यावरचं मीठ घरी आल्यावर कोमट पाण्याने धुवा. गाडीचं अँटिफ्रीझ सांडलं तर लगेच पुसा. त्यातलं इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं आणि थोडंसं चाटलं तरी मांजराचे मूत्रपिंड निकामी होतात. सकाळी गाडी सुरू करण्याआधी बॉनेटवर थाप मारा. इंजिनाच्या उबेला मांजर आत झोपलेलं असू शकतं.

घर आणि रस्ता

ओलीचा नियम घरालाही लागू आहे. ओलं लाकूड जाळलं की ऊब कमी, धूर जास्त आणि धुराड्यात डांबर. लाकूड दोनेक वर्षं वाळलेलं, २० टक्क्यांहून कमी ओलीचं हवं. २०२३च्या नियमानुसार धुराडं वर्षातून किमान एकदा जाणकाराकडून साफ करून घ्यायचं, त्याचा दाखला विमा कंपनी मागू शकते. भिंतीतल्या हवेच्या जाळ्या गार झुळूक येते म्हणून कापडाने बुजवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. डोकं दुखतंय, मळमळतंय आणि घरातल्या सगळ्यांना एकदमच होतंय, तर आधी बाहेर पडा आणि मग ११२ फिरवा.

डोंगराळ भागातल्या ठरलेल्या गावांत १ नोव्हेंबर ते ३१ मार्च या काळात चारही चाकांना हिवाळी टायर किंवा डिकीत साखळ्या लागतात. नुसतं एम+एस (म्हणजे चिखल आणि बर्फ) लिहिलेले टायर आता चालत नाहीत, डोंगर आणि हिमकणाचं चिन्ह बघून घ्या. गावाचं बर्फ काढणारं यंत्र सार्वजनिक रस्ता साफ करतं, तुमच्या दारापर्यंतची वाट नाही. जाता जाता ते तुमच्या फाटकाशी घट्ट बांध मात्र घालून जातं. वाटेच्या दोन्ही कडांना उंच काठ्या बर्फ पडण्याआधी रोवा.

लग्नसराईला भारतात जाणं

नेमक्या याच दिवसांत तिकडे लग्नं निघतात. हीटर 'हॉर-जेल'वर, म्हणजे पाइप गोठणार नाहीत इतपत, ठेवला की घराचं भागतं. पण जनावरांचं भागत नाही. शेजाऱ्याला 'तेवढं बघा हं' म्हणून किल्ली देऊ नका. कोणाला किती गवत, कोमट पाणी कुठून घ्यायचं, कोणती शेळी गाभण आहे, पशुवैद्याचा नंबर, मुख्य पाण्याचा व्हॉल्व्ह कुठे आहे, हे सगळं फ्रेंचमध्ये लिहून द्या आणि जाण्याआधी एकदा दोघांनी मिळून संध्याकाळची फेरी करा. शेजारी यासाठी पैसे घेईलच असं नाही. जूनअखेर-जुलैत त्याच्या गवताच्या कापणीला तुम्ही गठ्ठे उचलायला याल, असं त्याने धरलेलं असतं, तेव्हा ते आठवडे मोकळे ठेवा. शेळ्या फेब्रुवारी-मार्चमध्ये व्यायच्या असतील तर त्या काळातलं लग्न टाळलेलं बरं. ओलं करडू पुसून कोरडं करणं आणि पहिल्या काही तासांत त्याला चीक पाजणं हे काम चिठ्ठीवर लिहून दुसऱ्यावर सोपवण्यासारखं नाही.