हिवाळ्यात कोकणच्या रानातले वटवटे कसे मोजायचे (कॅमेऱ्याने नाही, कानाने)

वटवटे म्हणजे इंग्रजीत वॉर्बलर, हिवाळ्यात आपल्या रानात येणारे बोटभर पक्षी. दुर्बीण, वही, पाण्याची बाटली हे काही सांगायला नको. कर्नाळा किंवा फणसाडसारख्या अभयारण्यात काम करायचं असेल तर वनखात्याची लेखी परवानगी घ्या, देवरहाटीत, म्हणजे देवाच्या नावाने राखलेल्या रानात, जायचं असेल तर आधी मानकऱ्यांना विचारा. जाळी लावून पक्षी धरायचं खूळ डोक्यात असेल तर ते काढून टाका, १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली त्याला वेगळी परवानगी लागते आणि आपल्याला नुसतं मोजायचंय.

वर्षात तीन फेऱ्या करा, नोव्हेंबर, जानेवारी आणि मार्च, आणि तिन्ही वेळा त्याच जागा. ऑक्टोबरात जायला हरकत नाही पण तेव्हा आणखी दक्षिणेला जाणारे पक्षीही वाटेत थांबलेले असतात, तो आकडा हिवाळ्याचा म्हणून धरू नका.

जागा ठरवायच्या त्या एकमेकींपासून किमान २०० मीटरवर. मोबाईलच्या जीपीएसवर खूण करा, झाडाला रिबीन बांधू नका. हा रिबिनीचा सल्ला कोण देतं देव जाणे, देवरहाटीत काडी मोडायची नसते तिथे तुम्ही लाल फिती बांधत फिरणार आणि वर गावकरी सहकार्य करत नाहीत म्हणून रडणार.

वेळ सकाळची. जानेवारीत इथे सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो, पण उगवल्या उगवल्या सुरू करू नका कारण तेव्हा रानात दव टपटपत असतं, पानावरून पानावर, पाऊस पडल्यासारखं, आणि त्यात बारीक आवाज पार बुडून जातात. मी अर्धा-पाऊण तास थांबतो, साडेनऊला बंद करतो. जागेवर पोचल्यावर दोन मिनिटं गप्प उभं राहायचं, मग दहा मिनिटं मोजायचं. ५० मीटरच्या आतले एका रकान्यात, बाहेरचे दुसऱ्या. गावात जत्रा असेल आणि लाऊडस्पीकर लागला असेल तर तो दिवस सोडून द्या, सरळ दशावतार बघायला जा.

आता खरी गोची. कोकणच्या रानात हिवाळ्यात जे हिरवट, बोटभर, सतत हलणारे पाहुणे येतात त्यातला सगळ्यात जास्त भेटणारा म्हणजे ग्रीनिश वॉर्बलर. उंच झाडाच्या शेंड्यात, उन्हाच्या विरुद्ध बाजूला, एका पानामागून दुसऱ्या पानामागे. तो दिसेल म्हणून मान वर करून उभे राहिलात तर दहा मिनिटांत मान धरेल आणि वही कोरी राहील. पहिल्या वर्षी माझं हेच झालं. पुस्तकात लिहिलेली पंखावरची बारीक फिकट पट्टी शोधत बसायचो, आणि ती पट्टी पिसं झिजली की दिसेनाशी होते हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

म्हणून कान. ग्रीनिशचा आवाज एकदम ठसठशीत, दोन तुकडे पण एकमेकांत घसरलेले, चिस्-वी. पांढऱ्या धोब्याची आठवण होते, पण धोबी उघड्यावर बोलतो आणि हा पानांत. वेस्टर्न क्राउन्ड वॉर्बलर पण असाच दोन तुकड्यांत बोलतो आणि इथेच नवीन माणूस आपटतो. तो दिसला तर डोक्याच्या मधोमध फिकट पट्टा बघा आणि चोच बघा, जाडसर, खालची बाजू पिवळट-नारिंगी. शिवाय तो बऱ्याचदा मिश्र थव्यात सापडतो, निखार वगैरे पक्ष्यांबरोबर. खाली झुडपात चक्, चक् असा दगडावर दगड आपटल्यासारखा आवाज आला तर तो ब्लिथ्स रीड वॉर्बलर, त्याला शेंड्यात शोधू नका.

माझं स्पष्ट मत आहे की पहिला अख्खा महिना फक्त ग्रीनिश शिका. एकच पक्षी. आवाज आला की तो दिसेपर्यंत हलायचं नाही, असं पन्नास वेळा करा. दहा आवाज एकदम पाठ करायला घेणाऱ्यांना जानेवारीत एकही धड येत नसतो. आणि आवाज ओळखणाऱ्या ॲपवर विसंबून आकडा लिहू नका, ॲप सुचवतं, ठरवायचं आपण. आमच्याकडच्या रानात भृंगराज पक्षी आहे, तो दुसऱ्यांचे आवाज इतके हुबेहूब काढतो की भलेभले फसतात, तिथे ॲपची काय कथा. मोबाईलवर आवाज वाजवून पक्ष्याला बोलवायचं तर अजिबात नाही, तो येतो आणि तुमची मोजणी तिथेच नासते.

पण ओळखण्यापेक्षा मोजणं जास्त अवघड, हे मला देवरूखकडच्या एका देवरहाटीत कळलं. दहा मिनिटांत सात ग्रीनिश लिहिले होते, खूश होतो. बरोबर आलेले गावातले काका बराच वेळ काही बोलले नाहीत, मग हळूच म्हणाले, "अवो त्यो येकच हाय, मगाधरनं तुमच्या डोक्यावर फिरतोय." मी मनातल्या मनात हसलो. मग दुसऱ्या दिवशी फक्त त्याच्याकडे बघत बसलो, आणि काका बरोबर होते. हा पक्षी हिवाळ्यातही आपापला इलाखा धरून राहतो आणि तो राखायलाच दिवसभर ओरडतो, त्यामुळे आवाज सात ठिकाणहून आला म्हणजे पक्षी सात असं नसतं.

तेव्हापासून माझा नियम कडक आहे. दोन आवाज एकाच वेळी किंवा एकमेकांना उत्तर दिल्यासारखे आले तरच दोन लिहायचे, नाहीतर एक. वहीत गोल काढा, मध्ये आपण, आवाज आला त्या दिशेला टिंब, तो सरकला की बाण. दहा मिनिटांनंतर टिंबं नाही, बाणांच्या वेगवेगळ्या साखळ्या मोजायच्या. शंका आली की कमी धरा. आणि जे ओळखता आलं नाही ते 'अनोळखी वटवट्या' म्हणून लिहा, लाज बाळगू नका, माझ्या वहीत अजूनही प्रत्येक फेरीत असतात. शून्य आलं तर शून्य लिहा, ती जागा गाळू नका.

मार्चच्या फेरीत एक गंमत होते, निघायच्या आधी हे गायला लागतात, नेहमीचं चिस्-वी सोडून भराभर लांबलचक गाणं, आणि ज्याने फक्त चिस्-वी पाठ केलंय तो नवीन पक्षी सापडला म्हणून नाचतो. नाचू नका, आधी गाणारा बघा.

वही त्याच दिवशी दुपारी ई-बर्डवर (पक्ष्यांच्या नोंदी ठेवायच्या संकेतस्थळावर) चढवा, रात्रीवर ढकललं की बाणांचा अर्थ आपल्यालाच लागत नाही.

सिंधुदुर्गात, विशेषतः दोडामार्ग-बांदा बाजूला जाणार असाल तर एक गोष्ट सोडून चालणार नाही. तिथे २०१६ पासून माकडतापाचे रुग्ण सापडलेत आणि तो गोचिडीतून येतो. पॅन्ट मोज्यात खोचा, अंगाला गोचीड पळवणारं तेल लावा, पाचोळ्यात बसू नका, मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता आरोग्य केंद्रात कळवा. घरी आल्यावर कपडे दाराबाहेरच काढायचे, बायको ओरडायच्या आधी, आणि अंघोळीआधी काखा, जांघा, कानामागे नीट बघायचं.