न्यायालयीन सुधारणांचा हिशेब मांडताय? या चुका टाळा

राष्ट्रीय न्यायिक डेटा ग्रिड, म्हणजे न्यायालयांतल्या प्रकरणांची आकडेवारी दाखवणारी ऑनलाइन यंत्रणा, २०१५ साली सर्वांसाठी खुली झाली आणि कोणत्या जिल्ह्यात किती प्रकरणं पडून आहेत हे घरबसल्या कळू लागलं. २०२० मध्ये उच्च न्यायालयं आणि सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयही या ग्रिडवर आलं. माहितीच मिळत नाही, ही जुनी तक्रार त्यामुळे बरीचशी निकालात निघाली. आताची अडचण वेगळी आहे. आकडे हाताशी असतात, पण त्यांतून भलताच अर्थ काढला जातो. बातमीदार, कायद्याचे विद्यार्थी, माहिती अधिकार कार्यकर्ते, वकील संघटना, सगळेच यात फसतात. सरकारी प्रगती अहवालही त्याला अपवाद नाहीत.

एकाच आकड्यावर सगळी भिस्त

"देशात पाच कोटींहून अधिक खटले प्रलंबित" हे वाक्य खरं आहे आणि देखरेखीसाठी जवळपास निरुपयोगी आहे. काल दाखल झालेला दावाही त्यात आहे आणि तीस वर्षं चाललेला वाटपाचा दावाही. विधी आयोगाने जुलै २०१४ च्या २४५व्या अहवालात हा गोंधळ सोडवायचा प्रयत्न केला होता. निकाली न निघालेलं प्रत्येक प्रकरण प्रलंबित. त्या प्रकारच्या प्रकरणाला साधारण लागतो त्याहून जास्त वेळ गेला की विलंब. त्या विलंबाला सबळ कारण नसेल तरच ते थकलेलं. त्याच अहवालाने वाहतूक चलनांसारख्या किरकोळ प्रकरणांमुळे एकूण आकडे कसे फुगतात हेही दाखवलं. दहा वर्षं उलटून गेली, तरी बातम्यांमध्ये हे सगळं एकाच टोपलीत जातं.

मग लोक निपटाऱ्याच्या दराकडे वळतात. वर्षभरात निकाली निघालेली प्रकरणं भागिले नवी दाखल झालेली, गुणिले शंभर. शंभराच्या वर गेला की थकबाकी घटतेय असं मानायचं. पण समजा, एका न्यायालयात वर्षभरात १,००० प्रकरणं आली आणि १,०५० निकाली निघाली. दर १०५ टक्के, अभिनंदन. त्या १,०५० पैकी ९०० त्याच वर्षी दाखल झालेली, कबुलीवर किंवा तडजोडीवर मिटलेली असतील, तर जुन्या कपाटाला फारसा हातच लागलेला नाही. म्हणून दराशेजारी वयोगट ठेवून पाहा. दहा वर्षांवरची प्रकरणं किती होती, आता किती आहेत? हा आकडा सहसा हलत नाही, आणि तो हलला तरच काहीतरी खरोखर बदललं असं मी धरतो.

आकडा एकाएकी घसरला तर आनंद मानण्याआधी कारण शोधा. जवळ नवं न्यायालय सुरू झालं की प्रकरणं तिकडे वर्ग होतात. इथल्या फलकावरून (ग्रिडवरच्या आकडेवारीच्या पानावरून) उतरतात, तिथल्या फलकावर चढतात, पक्षकार मात्र होता तिथेच असतो. राष्ट्रीय लोकअदालतीचंही तसंच. तिच्या एकूण निपटाऱ्यात दाखलपूर्व प्रकरणं मोजलेली असतात, म्हणजे बँकांची थकीत कर्जं किंवा वीजबिलांचे असे वाद जे न्यायालयात कधी आलेच नव्हते. ती वजा केल्याशिवाय "लोकअदालतीमुळे न्यायालयांचा इतका भार हलका झाला" असं लिहू नका.

कोनशिला म्हणजे अंमलबजावणी नव्हे

ग्राम न्यायालयांचा कायदा २००८ चा, अंमल २ ऑक्टोबर २००९ पासून. कल्पना सुमारे पाच हजार ग्राम न्यायालयांची होती. अधिसूचना निघाली ती काहीशे न्यायालयांची, आणि चालू आहेत ती त्याहूनही कमी. कोणी "स्थापन झाली" म्हणतं तेव्हा तो नेमका कोणता टप्पा सांगतोय हे विचारायला हवं. मंजुरी, अधिसूचना, जागा, पदनिर्मिती, नेमणूक आणि प्रत्यक्ष बोर्ड (रोजच्या सुनावण्यांची यादी), हे सगळे वेगवेगळे टप्पे आहेत. नेमणुकीतही मेख असते: न्यायाधीश पूर्णवेळ आहेत की दुसऱ्या न्यायालयाचा अतिरिक्त कार्यभार सांभाळतायत? आठवड्यातले किती दिवस बसतात? एवढ्या एका प्रश्नावर अनेक चकचकीत तक्ते उघडे पडतात.

जलदगती न्यायालयांच्या बाबतीत आणखी एक घोळ होतो. अकराव्या वित्त आयोगाच्या काळात, २००० मध्ये, १,७३४ जलदगती न्यायालयांची योजना आली. केंद्राचा निधी ३१ मार्च २०११ ला थांबला आणि पुढचं राज्यांवर सोडलं गेलं. २०१९ मध्ये आलेली जलदगती विशेष न्यायालयं ही वेगळी योजना: बलात्कार आणि पॉक्सोच्या (बालकांवरच्या लैंगिक गुन्ह्यांच्या कायद्याच्या) खटल्यांसाठी १,०२३ न्यायालयं, त्यांतली ३८९ फक्त पॉक्सोसाठी. नावं सारखी म्हणून दोन्हींची बेरीज करणारे किंवा एकीची दुसरीशी तुलना करणारे अहवाल मी पाहिले आहेत. दुसऱ्या योजनेत एका न्यायालयाने वर्षाला किमान १६५ खटले निकाली काढावेत अशी अपेक्षा लिहूनच ठेवली आहे. मोजपट्टी तयार आहे, तीच लावा.

मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचचं उदाहरण ताजं आहे. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांसाठी ते सुरू झालं. अनेक दशकांची मागणी होती, जल्लोष होणारच. पण त्याचं यश मोजायचं तर या सहा जिल्ह्यांतली किती जुनी प्रकरणं मुंबईहून प्रत्यक्ष आली, रोज किती खंडपीठं (दोन न्यायाधीशांची) आणि एकलपीठं (एका न्यायाधीशाची) बसतात, दाखल झाल्यापासून पहिल्या सुनावणीपर्यंत किती दिवस जातात, हे बघावं लागेल.

कायदा लागू झाला म्हणजे प्रत्येक कलम लागू झालं, हा समज

भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, म्हणजे फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा, १ जुलै २०२४ पासून अमलात आहे. सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणं कलम १७६(३) ने सक्तीचं केलं, पण ते कधीपासून हे राज्य सरकारने पाच वर्षांच्या आत अधिसूचित करायचं आहे. त्यामुळे आपल्या राज्याची अधिसूचना न पाहता "सक्ती असून पथक गेलं नाही" म्हणणं फसवं ठरू शकतं. १ जुलै २०२४ आधीच सुरू असलेले खटले जुन्या संहितेनुसारच चालतात. जुने-नवे एकत्र करून सरासरी काढली की नव्या कायद्याचा परिणाम ना धड दिसतो, ना धड नाकारता येतो.

आणि कायद्यातली मुदत म्हणजे न्यायालयातली मुदत नव्हे. २००२ मध्ये लागू झालेल्या सुधारणांनी दिवाणी दाव्यात एका पक्षाला तीनपेक्षा जास्त तहकुबी नाही, कैफियत (प्रतिवादीचं लेखी उत्तर) तीस दिवसांत आणि फार तर नव्वद दिवसांत, असं ठरवलं. पुढे २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अपवादात्मक परिस्थितीत तहकुबीला वाव ठेवला, आणि नव्वद दिवसांची मर्यादाही सामान्य दाव्यांत बंधनकारक नसल्याचं सांगितलं. वाणिज्यिक दाव्यांत मात्र १२० दिवसांनंतर कैफियत घेतली जात नाही. सगळ्या दाव्यांना एकच पट्टी लावली तर निष्कर्ष चुकणारच.

नमुना निवडतानाच घसरणं

ही चूक सर्वांत जास्त होते आणि सर्वांत कमी लक्षात येते. "खटल्याला सरासरी किती वर्षं लागतात?" याचं उत्तर काढायला कोणी फक्त प्रलंबित प्रकरणं घेतं. झटपट निकाली निघालेली त्यात नसतातच, त्यामुळे उत्तर भयंकर येतं. कोणी फक्त यंदा निकाली निघालेली घेतं. मग अडकून पडलेली निसटतात आणि उत्तर सुखद येतं. एकाच न्यायालयाबद्दल दोन गट परस्परविरोधी दावे करतात आणि दोघांचीही आकडेमोड बिनचूक असते.

यावर उपाय असा की दाखल झालेल्या तारखेवरून गट धरायचा. उदाहरणार्थ, एका न्यायालयात जानेवारी २०२० मध्ये दाखल झालेले सगळे नियमित दिवाणी दावे घ्या आणि त्यांचं आज काय झालं ते पाहा. किती दोन वर्षांत संपले, किती अजून मुद्दे निश्चित होण्याच्या आधीच आहेत, किती पुराव्यावर अडलेत. सुधारणेनंतरच्या वर्षाचाही असाच गट घ्या, दोन्हींना सारखाच अवधी द्या, मग तुलना करा.

त्यातली थोडी प्रकरणं उघडून वाचाच. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर सीएनआर, म्हणजे त्या प्रकरणाचा ओळख क्रमांक, टाकला की प्रत्येक तारखेचं प्रयोजन आणि त्या दिवशीचं कामकाज दिसतं. तारीख कोणी मागितली, समन्स बजावून आलं की नाही, न्यायाधीश रजेवर होते का, हे टिपत गेलात तर कोणत्याही फलकापेक्षा जास्त कळेल. ग्रिडवर विलंबाची कारणंही दिसतात, "वकील उपलब्ध नाहीत" हे त्यांतलं ठळक. पण ती टक्केवारी कारण नोंदवलेल्या प्रकरणांपुरतीच असते. तिच्यावरून सगळा दोष वकिलांच्या माथी मारणं सोपं आहे, बरोबर नाही.

हुकूमनाम्यापाशी थांबणं

फलकावर दावा निकाली. पण वादीला जमिनीचा ताबा किंवा पैसे मिळाले का? त्यासाठी दरखास्त (हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज) लावावी लागते आणि तिथे दुसरी फेरी सुरू होते. दरखास्त सहा महिन्यांत निकाली काढावी असं सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितलं. २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने देशभरातून माहिती मागवली, तेव्हा सुमारे ८.८ लाख दरखास्ती पडून असल्याचं समोर आलं. त्यांत सर्वाधिक महाराष्ट्रात, तीन लाखांहून जास्त. दिवाणी न्यायाच्या सुधारणेबद्दलच्या ज्या अहवालात दरखास्तींचा रकाना नाही, तो मी बाजूला ठेवतो.

चुकीच्या दारावर धडक

रिक्त जागांबद्दल सरसकट "सरकार" किंवा "न्यायव्यवस्था" म्हणून भागत नाही. उच्च न्यायालयातल्या नेमणुका कॉलेजियम (नावं सुचवणारं ज्येष्ठ न्यायाधीशांचं मंडळ) आणि केंद्र यांच्यात अडतात. कनिष्ठ न्यायालयांच्या नेमणुका उच्च न्यायालय आणि राज्याच्या हाती असतात, आणि भरतीच्या प्रत्येक टप्प्याचं वेळापत्रक सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्येच आखून दिलं आहे. कोणता टप्पा चुकला ते दाखवा, जबाबदार आपोआप ठरतो. आणखी एक: दहा लाख लोकसंख्येमागे सुमारे २१ न्यायाधीश, हा सरकारी आकडा मंजूर पदं आणि २०११ ची जनगणना धरून काढलेला आहे. प्रत्यक्ष खुर्चीत बसलेले त्याहून कमी.

खर्चाचंही थोडक्यात. ई-कोर्ट्सच्या तिसऱ्या टप्प्याला २०२३ मध्ये ७,२१० कोटी रुपये मंजूर झाले. किती कोटी खर्ची पडले, किती पानं स्कॅन झाली यापेक्षा ई-फायलिंग केल्यावरही कागदी संच मागितला जातो का, हे विचारा.

माहिती अधिकाराचा अर्ज फेटाळला जातो तेव्हा

बहुतेक वेळा दोन कारणं असतात. एक, खटल्याची कागदपत्रं मागितलेली असतात. ती उच्च न्यायालयाच्या नियमांनुसार नक्कल अर्ज करूनच मिळतात, हे २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं आहे. दुसरं, "संकलित करून द्यावी" असं लिहिलेलं असतं. कार्यालयाकडे आहे त्याच स्वरूपातली माहिती मागा: अमुक महिन्याचं दाखल-निकाली विवरणपत्र, मंजूर व भरलेल्या पदांचा तक्ता. अर्जाचा नमुना आणि शुल्क त्या उच्च न्यायालयाच्या नियमांत बघून घ्या. वाणिज्यिक न्यायालयांची आकडेवारी तर वाणिज्यिक न्यायालय कायद्याच्या कलम १७ नुसार दरमहा उच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर यायलाच हवी. ती नसेल तर अर्जात नेमकं त्या कलमावर बोट ठेवा.

हे सगळं करताना ग्रिडवरच्या आकड्यांची प्रत तारीख-वेळेसह रोजच्या रोज नाही, तरी महिन्याच्या ठरावीक दिवशी जतन करत जा. फलक सतत बदलतो. वर्षभराने तुलना करायला बसाल तेव्हा आजची स्थिती तिथे तशीच सापडेल याचा भरवसा नाही.