दसऱ्याआधी गाव विचारून घ्या

मी केज तालुक्यातल्या एका गावात बचत गटांची सीआरपी, म्हणजे गटांना मदत करणारी गावातलीच कार्यकर्ती आहे. ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यासाठी लोकांचं म्हणणं गोळा करायचं काम दरसाल माझ्याकडंच येतं. आराखड्याची धामधूम २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेच्या सुमारास असते, आणि नेमक्या तेव्हाच आमच्याकडच्या ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या तयारीत असतात. दसरा झाला की घरोघर कुलपं. म्हणून पोळा झाला की फिरायला लागा.

बैठक कुठं घेता, त्यावर कोण येणार ते ठरतं. मारुतीच्या पारावर बोलावलं तर रोज पारावर बसणारेच येतात, सुना तिकडं फिरकत नाहीत. बायांना अंगणवाडीत बोलवा, तेही रात्री जेवणं उरकल्यावर. तांड्यावर आणि शेतवस्तीवर आपणच जायचं. त्यांना 'गावात या' असा निरोप धाडणं म्हणजे येऊ नका म्हणण्यासारखंच.

'तुम्हाला काय पाहिजे?' असं तर विचारूच नका. नाली, रस्ता, सभामंडप, संपली बैठक! त्यापेक्षा विचारा, काल पाणी कुठून आणलं? उन्हाळ्यात हापसा कधी आटतो? सातवीनंतर पोरगी शाळेला कशानं जाते? रात्री बाळंतीण न्यायची झाली तर गाडी कुठवर येते? मग बाया बोलायला लागतात, आणि थांबत नाहीत. त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. 'पाणीपुरवठा अपुरा' असं लिहिलं की पहाटेची रांग कागदावरून गेलीच म्हणून समजा.

पैशाचं मात्र आधी सांगा. पंधराव्या वित्त आयोगात २०२१ ते २०२६ या काळासाठी ६० टक्के निधी बंधित होता, म्हणजे फक्त पाणी आणि स्वच्छतेचा. हे माहीत असलं की सभामंडपावरून होणारी निम्मी भांडणं टळतात. (सगळी टळत नाहीत.)

पसंती घेताना हात वर करायला लावू नका, सासऱ्यासमोर सून हात वर करत नाही. कामांची चित्रं काढून जमिनीवर मांडा. बायांच्या हातात पाच-पाच चिंचोके द्या, बाप्यांच्या हातात तेवढेच हरभऱ्याचे दाणे. कुणाची मागणी कोणती, ते मोजायच्या आधीच दिसतं. दोन्ही आकडे वेगवेगळे लिहा, बेरीज करून बसू नका.

हे सगळं ग्रामसभेत ठरावात आलं तरच उपयोग. त्याआधी महिला सभा घेणं कायद्यानंच बंधनकारक आहे, तिचं प्रोसिडिंग वेगळं लिहायला लावा. ग्रामसभेची गणपूर्ती, म्हणजे कमीत कमी लागणारी हजेरी, १५ टक्के मतदार किंवा १००, यांत जो आकडा कमी असेल तो. ती भरली नाही की सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. चार टाळकी बसून कामं ठरवतात ती तिथंच. त्यामुळं पहिल्याच तारखेला माणसं जमवा, आणि तहकूब झालीच तर पुढची तारीख दवंडी देऊन सगळ्यांना कळवा.

आराखडा मंजूर झाला की यादी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावा, न घेतलेली कामं कारणासकट. ऊसतोडीला फडावर गेलेल्यांना तीच यादी व्हॉट्सअ‍ॅपवर बोलून पाठवा, मुकादमाच्या नव्हे, बाईच्या स्वतःच्या नंबरवर.