सिझेरियननंतरचं दुखणं अंगावर काढू नका : या चुका टाळा

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे असह्य होईपर्यंत गोळी न घेणं. पाठीत भूल देताना त्यासोबत मॉर्फिन हे तीव्र वेदनाशामक दिलं असेल, तर पहिले १२ ते २४ तास बरे जातात. "फारसं दुखत नाहीये, मग गोळी कशाला?" असं वाटतं आणि डोस चुकतो. मग मॉर्फिनचा असर ओसरतो आणि कूस बदलणंही नको होतं. एकदा उसळलेलं दुखणं आटोक्यात आणायला वेळ लागतो. म्हणून पहिले काही दिवस गोळ्या घड्याळ बघून घ्यायच्या, रात्रीचा डोससुद्धा.

बहुतेकींना पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन अशी जोडी दिली जाते. दोन्हींचं काम वेगळ्या वाटेने चालतं, त्यामुळे एकत्र घेतल्यावर आराम जास्त पडतो. पण स्वतःच्या मनाने डोस वाढवू नका. पॅरासिटामॉलची कमाल मर्यादा २४ तासांत ४ ग्रॅम, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या ८ गोळ्या. वजन ५० किलोपेक्षा कमी असेल किंवा यकृताचा त्रास असेल तर त्याहूनही कमी. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांमध्ये पॅरासिटामॉल आधीच असतं, तेव्हा वेष्टनावरची नावं वाचा. अल्सर, मूत्रपिंडाचा त्रास किंवा दमा असेल, तर आयबुप्रोफेन घेण्याआधी डॉक्टरांना सांगा.

"दुधातून बाळाला जाईल"

या भीतीपोटी कितीतरी जणी गोळ्या बंद करतात, आणि हे बघून खरंच वाईट वाटतं. ही दोन्ही औषधं दुधात अगदी थोडी उतरतात आणि अंगावर पाजताना चालतात. सावध राहायचं ते कोडीन आणि ट्रॅमाडॉल या जास्त तीव्र पेनकिलरपासून. काही स्त्रियांच्या शरीरात कोडीनचं मॉर्फिन फार झपाट्याने होतं आणि ते बाळापर्यंत पोचतं. अमेरिकेच्या औषध नियामकांनी २०१७ मध्ये पाजणाऱ्या आयांनी ही दोन्ही टाळावीत असा इशारा दिला होता. त्यामुळे घरात पडलेली जुनी पेनकिलर उचलून घेऊ नका. असं एखादं औषध चालू असताना बाळ नेहमीपेक्षा सुस्त वाटलं, ओढून पिईना किंवा श्वास जड वाटला, तर तडक दवाखाना गाठा.

उठताना होणारी चूक

उताणं झोपून सरळ उठून बसलं की सगळा ताण टाक्यांवर येतो. त्याऐवजी गुडघे दुमडा, खांदे आणि कंबर एकदमच वळवून कुशीवर या, पाय पलंगाखाली सोडा आणि हातांनी गादीवर रेटा देत वर या. पोटाला जोर लावायचाच नाही. मिनिटभर बसा, चक्कर येत नाही ना बघा, मगच उभ्या राहा. पहिल्यांदा उठताना कुणीतरी जवळ हवंच. खोकला किंवा शिंक आली तर उशी टाक्यांवर घट्ट दाबून धरा.

दुखतंय म्हणून दिवसभर पडून राहणं ही दुसऱ्या टोकाची चूक. त्याने पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो आणि पोटात गॅस धरतो. गोळी घेतल्यावर अर्ध्या-पाऊण तासाने खोलीतल्या खोलीत चाला. बाळापेक्षा जड काही साधारण सहा आठवडे उचलू नका.

पाजताना ओटीपोटात कळ येते, ती गर्भाशय आकसत असल्याची. दुसऱ्या-तिसऱ्या बाळंतपणात ती जास्त जाणवते. पाजायच्या थोडं आधी गोळीची वेळ येईल असं बघा. टाक्यांभोवती बधिरपणा महिनोन्‌महिने राहू शकतो. तिथे गरम पाण्याची पिशवी ठेवू नका, चटका बसलेला कळणारही नाही.

गोळीने दाबू नये असं दुखणं

रोज थोडं कमी होत जाणारं दुखणं अपेक्षित आहे. कमी होता होता पुन्हा वाढलं, जखम लाल-गरम झाली, पू किंवा घाण वास आला, ताप ३८ अंश सेल्सिअसच्या वर गेला, तर त्याच दिवशी दाखवा. बसल्यावर वाढणारी आणि आडवं झाल्यावर उतरणारी डोकेदुखी पाठीतल्या भुलेमुळे असू शकते, तीही लगेच कळवा. एकाच पोटरीत सूज आणि दुखणं, धाप लागणं, छातीत दुखणं, डोकेदुखीसोबत डोळ्यांपुढे अंधारी येणं किंवा तासाभरात पॅड पूर्ण भिजेल इतकं अंगावरून जाणं, यांपैकी काहीही झालं तर रात्र असली तरी सकाळची वाट पाहू नका.