प्लाझ्मा पेटवण्याआधी

चष्मा, हातमोजे, सिलिंडरला साखळी. पुढे. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म एकदा वाजवून बघा; वास नसलेला हा विषारी वायू इथे आपणच तयार करतोय, नळीतल्या प्लाझ्माने (विजेने चेतवलेल्या वायूने) कार्बन डायऑक्साइड फोडून.

आता नायट्रोजन. रिअ‍ॅक्टरनंतर पण जीसीच्या (गॅस क्रोमॅटोग्राफ, वायू वेगळे करून मोजणारं यंत्र) अलीकडे, मोजून नायट्रोजन सोडायची जोडणी केलीत का? नसेल तर बाकीचं आवरा आणि घरी जा. गेल्या पावसाळ्यात मी ती टाळली, तीन महिन्यांचे आकडे फुकट गेले. कार्बन डायऑक्साइडचे दोन रेणू फुटले की कार्बन मोनॉक्साइडचे दोन आणि ऑक्सिजनचा एक, म्हणजे दोनाचे तीन. वायू फुगतो, जीसीचा लूप, म्हणजे नमुना भरायची नळी, मात्र तेवढाच. त्यात कार्बन डायऑक्साइड विरळ होऊन येतो आणि आपल्याला वाटतं, केवढा फुटला! खरं रूपांतर २० टक्के असेल तर नुसता पीक, म्हणजे आलेखातला त्या वायूचा उंचवटा, बघून २७ निघतं. त्या २७ वर मी पेढे वाटले होते. नायट्रोजन ठरावीक वेगाने येत असेल तर त्याचाच पीक किती खाली आला यावरून फुगवटा कळतो. तो रिअ‍ॅक्टरच्या आधी सोडायचा नाही. प्लाझ्मात गप्प बसत नाही, त्याची ऑक्साइडं होतात. आणि जीसीला कॅरिअर, म्हणजे नमुना वाहून नेणारा वायू, हेलियम किंवा आर्गॉन लावा. नायट्रोजनमध्ये नायट्रोजन काय दिसणार, कपाळ?

हायड्रोजन घालून मिथेन करणार असाल तर उलटं: पाच रेणूंचे तीन, पाणी गारठवून काढलं की एकच. तिथेही नायट्रोजन.

कॅटॅलिस्ट (अभिक्रियेला वेग देणारा पदार्थ) चाळून घ्या, भुकटी नको. निकेल असेल तर आधी हायड्रोजनमध्ये तापवून ऑक्साइडचा धातू करून घ्या. रिकामी नळी आणि नुसत्या अ‍ॅल्युमिनाच्या दाण्यांची नळी, दोन्ही चालवून ठेवा. दाण्यांनी विजेचा डिस्चार्जच बदलतो, मग श्रेय दाण्यांचं की कॅटॅलिस्टचं हे भांडण सुटत नाही.

पॉवर भिंतीवरच्या मीटरवर मोजू नका. कपॅसिटर लावून ऑसिलोस्कोपवर लिसाजू आकृती (व्होल्टेज विरुद्ध चार्ज) काढा, तिचं क्षेत्रफळ गुणिले फ्रीक्वेन्सी.

पुण्यातल्या जुलैत क्वार्ट्झची नळी बाहेरून दमट होते, ठिणगी आत जायच्या ऐवजी वरूनच पळते. पुसून कोरडी करा. लांबचा रन गुरुवारी नको, दुरुस्तीच्या नावाखाली वीज जाते.

गळती साबणाच्या फेसाने. अर्थिंग. एक्झॉस्ट फ्यूमहूडमध्ये. वहीत तारीख. नायट्रोजनचा सिलिंडर भरलेला आहे ना? व्हॉल्व्ह उघडलात?