कोळशाच्या पट्ट्यातला कापूस: या चुका टाळा

दिवाळीच्या सुमारास विदर्भातल्या वणी-घुग्गुस रस्त्याच्या कडेची पऱ्हाटी (कपाशी) बघा. बोंडं फुटलेली, पण कापूस राखाडी. कोळशाचे ट्रक धावतात, धूळ आधी पानांवर बसते, मग बोंडांवर. पानाला ऊन कमी मिळतं, रंध्रं बुजतात, झाडाची वाढ मंदावते. ती धूळ थांबवणं एकट्या शेतकऱ्याच्या हातात नाही. आपण आपल्या हाताने तोट्यात जी भर घालतो, ती मात्र टाळता येते.

सगळ्यात महागात पडते ती वेचणीतली चूक. रस्त्याला लागून असलेल्या धुऱ्याकडच्या (बांधाकडच्या) आठ-दहा ओळींतला काळवंडलेला कापूस आतल्या पांढऱ्यात मिसळतो. व्यापारी गाडीत हात घालून मूठभर काढतो आणि त्या मुठीवर अख्ख्या गाडीचा भाव ठरतो. समजा, १० क्विंटल मालात २ क्विंटल काळा आहे. मिसळल्यामुळे क्विंटलमागे ३०० रुपये तुटले, तर ३,००० गेले. वेगळा ठेवला आणि काळ्यावर ८०० तुटले, तरी १,६००च. म्हणून आतल्या ओळी आधी वेचा, रस्त्याकडच्या शेवटी, आणि चुंगडी (पोती) वेगळी ठेवा. वेचणाऱ्या बाया कुरकुरतील. काळ्या ओळींसाठी किलोमागे रुपया जास्त द्या, परवडतं. दवात वेचू नका. ओल्या कापसाला धूळ चिकटते, शिवाय १२ टक्क्यांवर ओलावा निघाला की सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) खरेदी केंद्रावरून गाडी परत.

दुसरी चूक फवारणीची. पान मळकट दिसलं की आपण कृषी केंद्रात जातो आणि बाटली घेऊन येतो. त्याआधी ओल्या फडक्याने पान पुसा. काळं निघून खाली हिरवंगार पान दिसलं आणि पान चिकट नसेल, तर ती बहुधा धूळ. मग पान पांढऱ्या कागदावर झटका. बारीक ठिपके चालू लागले, तर कोळी (पानाचा रस शोषणारी बारीक कीड) असण्याची शक्यता मोठी. धुळकट पानावर कोळी फोफावतो, त्यामुळे दोन्ही एकदम सापडतील. त्याला कोळीनाशकच लागतं. नुसत्या धुळीला साध्या पाण्याचा फवारा पुरे, तोही सकाळी आणि बोंडं फुटण्याआधी.



कागदांची हेळसांड तर घरोघरी. पीक विमा नैसर्गिक आपत्तींसाठी आहे. कोळशाची धूळ त्यात बसत नाही. दाद मागायची जागा दुसरी: राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण. २०१०च्या कायद्यानुसार तिथे प्रदूषणाने झालेल्या पीकहानीची भरपाई मागता येते, पण कारण पहिल्यांदा घडल्यापासून ५ वर्षांच्या आत. पश्चिम विभागाचं खंडपीठ पुण्यात आहे. तिथे ‘दरवर्षी काळा होतो साहेब’ एवढ्यावर भागत नाही. ई-पीक पाहणीची (मोबाइलवरून सातबाऱ्यावर केलेली पिकाची) नोंद, तारखेसह फोटो, तलाठी आणि कृषी सहायकाच्या सह्यांचा पंचनामा, आणि काळ्या-पांढऱ्या मालाच्या वेगवेगळ्या सौदापट्ट्या (विक्रीच्या पावत्या) लागतात. माल मिसळून विकला असेल, तर ही शेवटची पट्टी कुठून आणणार?